शेवटच्या नळाचं पाणी

घरोघर नळाचं पाणी द्यायची केंद्राची योजना, जल जीवन मिशन, २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं असं त्यात ठरलं होतं. आमच्या पंचायतीने स्त्रीशक्ती संघातून, म्हणजे बायकांच्या बचत गटातून, नावं काढली, त्यात माझं आलं. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं, पाणी बहुग्राम योजनेचं, म्हणजे अनेक गावांना मिळून एकच. नदीतून उपसा, शुद्धीकरण केंद्र, तिथून मोठ्या पाइपने गावोगावच्या उंच टाक्यांत आणि टाकीतून दिवसाआड गल्लोगल्ली. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, जांबोटीकडे धो धो पाऊस, म्हणून या भागाला पाण्याची काय चिंता असं बाहेरच्यांना वाटतं. पण आमच्या खालच्या गल्लीत मिरग लागला की जुलाब आणि कावीळ ठरलेली असायची. लोक म्हणायचे, नवं पाणी आलं, बाधणारच. कुणी पाइपाकडे बोट दाखवत नव्हतं.

प्रशिक्षण तालुक्याला झालं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. तपासणीच्या पेटीत परीक्षानळ्या, थेंबांच्या बाटल्या आणि रंगांचे तक्ते. सामू (पीएच), गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, उरलेलं क्लोरीन, एवढं सगळं घरच्या ओट्यावर तपासता येतं. पाहायच्या मर्यादा भारतीय मानकातल्या, आयएस १०५०० च्या, २०१२ च्या आवृत्तीतल्या. सामू ६.५ ते ८.५. गढूळपणा १ एकक, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५. नायट्रेट ४५, आणि त्यात सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, एकही असता कामा नये.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते क्लोरीन. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असलं पाहिजे. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो तो तक्त्याशी ताडून बघायचा. (ते पाणी नंतर बाहेर ओतून टाकायचं, मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. हे औषध अंगाला लागणं बरं नाही.) ‘उरलेलं’ हे इथे ध्यानात ठेवायचं. पाण्यात घाण मिसळली की क्लोरीन तिच्यावर खर्च होतं. म्हणून टाकीपाशी पिवळं आणि तुमच्या दारात बिनरंगी असेल, तर मधल्या वाटेत काहीतरी घडलंय.

आमच्याकडे नेमकं तेच होतं. टाकीखालच्या नळाला रंग चांगला यायचा, ०.५ च्या आसपास. खालच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी काहीच नाही. तिथलं पाणी एच-टू-एसच्या बाटलीतही भरलं. या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेत ठेवतात, मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. पावसाळ्यात आमच्याकडे गारठा, म्हणून मी ती कापडात गुंडाळून चुलीमागच्या भिंतीला ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी शाईसारखं काळं होतं. शेजारच्या काकी बघून घाबरल्या. "आगं, हेच पाणी आमी पोरांना पाजतोय की!"

वॉटरमन तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "टाकीत बघ जा, औषध हाय की." खरं होतं त्यांचं. त्यांच्या कामाची हद्द टाकीपर्यंत, आणि तिथे ते पावडर टाकत होते. पण पावडरीची गोणी पंपघरात तोंड उघडी पडलेली. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतं. ओल लागली, हवा लागली की ते उडून जातं आणि उरतो तो नुसता चुना. खानापूरच्या पावसात गोणी उघडी राहिली तर काय होणार! दुसरं म्हणजे पावडर टाकून ते लगेच व्हॉल्व्ह सोडायचे. क्लोरीनला जंतू मारायला निदान अर्धा तास पाण्यात मुरावं लागतं. १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर म्हणजे लिटरला साधारण ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन. ५० हजार लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम, आणि पाणी गढूळ असेल तर त्याहून जास्त. हे मी कागदावर लिहून पंपघरात चिकटवलं. तात्यांना राग आला नाही. त्यांना हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. उलट वरच्या गल्लीतले लोकच त्यांना वासावरून बोलायचे, म्हणून ते हात आखडता घ्यायचे.

पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणाले, "बाटली काळी पडली म्हणून मला काही करता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आणा." पहिल्यांदा वाईट वाटलं, पण ते बरोबर होतं. पेटीतली चाचणी संशय दाखवते, कागदावर टिकतो तो प्रयोगशाळेचा निकाल. बेळगावच्या जिल्हा प्रयोगशाळेत साध्या माणसालाही थोडी फी भरून नमुना देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नमुना घेणं हे निम्मं काम आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅन चालतो, साधारण दोन लिटरचा. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणायची, पाण्याची रिकामी बाटली घरी धुऊन चालत नाही. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेटचा अंश असतो, तो बाटली धुऊन घालवायचा नाही. त्याने पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे निकामी होतं. नाहीतर वाटेत ते जंतू मारत राहील आणि घाण पाणी चांगलं दिसेल. म्हणूनच क्लोरीनची चाचणी नळापाशीच करून आकडा चिठ्ठीवर लिहायचा. तोटीला बांधलेली चिंधी, रबराची नळी काढून टाकायची. तोटी स्पिरिटने पुसायची, धातूची असेल तर ज्योत फिरवायची. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. झाकण हातात धरायचं पण त्याच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, खाली ठेवायचं नाही. बाटली काठोकाठ भरायची नाही, हलवायला जागा ठेवायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ. मग बर्फात. मी थर्माकोलचा डबा मिठाईच्या दुकानातून आणला आणि पहिल्या एसटीने बेळगाव गाठलं. नमुना सहा-आठ तासांत पोचलेला बरा, २४ तासांच्या पुढे तो नेण्यात अर्थ नाही. शनिवारी नेऊ नका. जंतू वाढवून बघायला दोन-तीन दिवस लागतात आणि मध्ये रविवार आला तर ते नमुना घ्यायला नाखूश असतात.

मी टाकीचा आणि शेवटच्या नळाचा, असे जोडीने नमुने दिले. नुसता एक दिला असता तर पुढचं काही उलगडलं नसतं. अहवाल कानडीत आला. टाकीच्या पाण्यात ई. कोलाय नाही, शेवटच्या नळाच्या पाण्यात आहे, पिण्यास अयोग्य. म्हणजे नदी, शुद्धीकरण केंद्र, टाकी सगळं ठीक. घाण गावातच शिरत होती.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. योजनेचं कार्यालय म्हणालं, टाकी भरून दिली की आमचं काम संपलं, पुढची लाइन पंचायतीची. पंचायत म्हणाली, लाइन ज्या ठेकेदाराने टाकली त्याला विचारा. ठेकेदार फोन उचलेना. या काळात खालच्या गल्लीत पाणी उकळून प्या, हे सांगत आम्ही बायका घरोघर फिरत होतो. सरपण महाग, गॅस महाग, आणि ज्यांची काही चूक नाही त्यांनीच उकळायचं. याचा मला अजून राग आहे.

कुणाची वाट न पाहता आम्ही लाइन शोधायचं ठरवलं. पाणी सुटलं की टाकीपासून एकेक घर धरून क्लोरीन बघत खाली यायचं. देवळापाशी पिवळं. चौकात फिकट पिवळं. शाळेच्या कोपऱ्यावर जेमतेम. आणि दोन घरांच्या मधे, गटार ओलांडल्यावर, एकदम काही नाही. पुन्हा वर जाऊन बघितलं, पुन्हा तसंच. दुसऱ्या पाळीला परत तीच जागा. आठ आण्याच्या थेंबांनी दाखवलेली ती जागा कुठल्याही कार्यालयाच्या नकाशात नव्हती.

तात्यांनी कुदळ घेतली. गटाराच्या पोटातून गेलेल्या पाइपावर कुठल्या तरी जुन्या जोडणीचं भोक होतं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. पाणी चालू असताना त्यातून पाणी बाहेर गळायचं, म्हणजे दिसायला नुसती गळती. पण दिवसाआड पुरवठ्यात पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते, तेव्हा गटाराचं पाणी त्याच भोकातून आत येतं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिला लोट तो. ज्यांचा नळ सगळ्यात खाली, त्यांच्या घागरीत सगळ्यात जास्त. चोवीस तास दाबाखाली राहणाऱ्या पाइपात घाण सहसा आत येऊ शकत नाही. बेळगाव शहराच्या काही भागांत २००८ पासून असा पुरवठा आहे. हुबळी-धारवाडला चोवीस तासांच्या आणि खंडित पुरवठ्याच्या वस्त्यांतलं पाणी संशोधकांनी शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा खंडित पुरवठ्याच्या पाण्यात जंतू जास्त वेळा सापडले. पाणी किती तास येतं हा नुसत्या सोयीचा प्रश्न नाही, हे मी आता ग्रामसभेत दरवेळी बोलते.

भोक बुजवणं सोपं होतं. अवघड होत्या त्या मोटारी. दाब कमी म्हणून खालच्या बाजूच्या काही घरांनी नळालाच मोटार लावली होती, काहींनी अंगणात खड्डा करून नळ खाली घेतला होता. मोटार चालू झाली की ती शेजाऱ्याचं पाणी ओढतेच, पण फटीतली घाणही ओढते. खड्ड्यात पावसाचं पाणी साचून तोटी त्यात बुडते. हे सांगायचं कुणाला, तर आपल्याच भावकीला. एक वहिनी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हत्या. मी वाद घातला नाही. त्यांच्याच खड्ड्यातलं पाणी त्यांच्यासमोर बाटलीत भरलं आणि बाटली त्यांच्याच घरी ठेवून आले. ती काळी पडल्यावर त्यांनी स्वतः गवंडी बोलावला.

दोन्ही अहवाल जोडून ग्रामसभेत अर्ज दिला, पोच घेतली. तोंडी तक्रारीला उत्तर येत नाही, पोच असलेल्या अर्जाला येतं. पाइप गटारातून उचलून बाजूने घेतला गेला. मग लाइनमध्ये जास्त क्लोरीनचं पाणी भरून ठेवलं, त्या दिवशी दवंडी दिली की हे पाणी पिऊ नका, आणि शेवटची तोटी उघडून सगळं वाहू दिलं. त्यानंतर लागोपाठ दोन नमुने चांगले आले तेव्हाच आम्ही उकळणं थांबवा म्हणालो. एका चांगल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवला नसता, पाणी रोज नवं येतं.

माझी बहीण पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात दिलीय. तिच्याकडे ब्लीचिंग पावडरीला टीसीएल म्हणतात, आणि पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. ही पद्धत मला आवडते, कारण गावातल्या कुणालाही रंग कळतो. त्यावरून आम्ही खालच्या गल्लीत शेवटच्या नळाशेजारच्या भिंतीवर फळा केला. पाणी आलं की त्या घरची कॉलेजला जाणारी मुलगी क्लोरीन बघून आकडा लिहिते. ०.२ च्या खाली गेला की ती आधी तात्यांना फोन करते, मग मला.

एक सांगायचं राहिलं. अथणीकडे माझी मावशी असते, काळ्या रानात, उसाच्या पट्ट्यात. इथलं ऐकून तिने स्वतःच्या बोअरचं पाणी उकळायला घेतलं. मी आधी नायट्रेट तपासायला लावलं, ते ४५ च्या बरंच वर निघालं. उसाला टाकलेलं खत झिरपत खाली जातं, शेणखताचे उकिरडे आणि शोषखड्डे आहेतच. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतंच. तान्ह्या बाळाला ते सगळ्यात घातक, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. मावशीच्या सुनेला तेव्हा बाळ झालेलं होतं. त्याच्या वरच्या दुधाला त्यांनी नळाचं पाणी वापरायला सुरुवात केली, बोअर भांड्यांना आणि जनावरांना ठेवली. म्हणून कुणी विचारलं की पाणी उकळू का, गाळू का, फिल्टर घेऊ का, तर माझं उत्तर एकच असतं: आधी तपासा, कशासाठी ते कळू दे.

स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी व नंतर, असा नियम आहे. आमच्या वरच्या वाडीची अंगणवाडी अजून विहिरीवर आहे आणि तिचा पावसाळ्यानंतरचा नमुना गेलेला नाही. त्यासाठी बाटल्या आणून ठेवल्यात, सोमवारच्या पहिल्या एसटीने मी आणि काकी निघणार आहोत.