‘नंतर’ या एका शब्दावरून

माझं माहेर नगरचं. शाळेत ख्रिस्ती मैत्रिणी होत्या, त्यामुळे ‘तारण’, म्हणजे पापातून सुटका, हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला. पण बाबा पतसंस्थेत होते, आणि आमच्या घरात तारण म्हणजे गहाण ठेवलेलं सोनं नाहीतर घराचे कागद. येशूकडे नक्की काय ठेवून घेतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा.

आता आम्ही युटात, सॉल्ट लेक सिटीहून प्रोव्होकडे जाताना लागणाऱ्या एका वस्तीत राहतो. आजूबाजूची बहुतेक घरं मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाची. (२०१८ पासून त्यांचं चर्च या नावाऐवजी पूर्ण नावाचा आग्रह धरतं. ते फारच लांबलचक आहे, म्हणून मी आपली जुनंच लिहिते.) पहिल्या हिवाळ्यात सकाळी सहाला फावड्याच्या आवाजाने जाग आली. पाहते तर शेजारचे आजोबा आमच्या दारातला बर्फ उपसत होते. मी धावत आल्याचा चहा घेऊन गेले, तर हसून नको म्हणाले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, सगळं वर्ज्य. १८३३ सालापासूनची शिकवण. गरम पाणी मात्र आनंदाने प्यायले.

हळूहळू बाकीचं कळत गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. मंदिरात जायचं तर परवाना लागतो, आणि दर दोन वर्षांनी मुलाखत देऊन तो नवा करून घ्यावा लागतो. आईला सांगितलं तर म्हणाली, “आपला चातुर्मास बराच सोपा म्हणायचा की!”

ऑफिसातला माझा एक सहकारी टेनेसीचा, बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा. त्याचं मत ठरलेलं: माणसं सोन्यासारखी, पण हिशेब चुकलेला. तारण ही देवाची देणगी, ती कर्मांनी मिळत नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागाच नको, असं बायबलमध्ये पौलाने इफिसकरांना लिहिलंय. विषय संपला.

गेल्या दिवाळीत हा सहकारी आणि शेजारचे आजी-आजोबा एकाच दिवशी फराळाला आले. चूक माझीच.

चकली तोंडात असतानाच सहकारी आणि आजोबांची जुंपली, आणि तीही ‘नंतर’ या शब्दावरून. १८३० साली छापलेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या मॉर्मनांच्या धर्मग्रंथात एक वाक्य आहे. आपल्याला करता येण्यासारखं सगळं केल्यानंतर आपलं तारण कृपेनेच होतं, असा त्याचा अर्थ. सहकाऱ्याने विचारलं, “सगळं केलं असं छातीठोकपणे कोण म्हणणार? मग कृपा यायची कधी?” आजोबा म्हणाले, ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे, हे आमच्या चर्चचे नेते उख्टडॉर्फ यांनी २०१५ सालच्या अधिवेशनातच सांगितलंय. वर बायबलमधलं याकोबाचं पत्रही पुढे केलं: कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. याच पत्राला प्रोटेस्टंटांच्या ल्यूथरने गवताच्या काडीची, म्हणजे कमी मोलाचं म्हणून, उपमा दिली होती! सहकारी म्हणाला, कर्म हे तारणाचं फळ, मूळ नव्हे.

खरी मेख मला मसाला दुधाच्या वेळी कळली. दोघं ‘तारण’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरत होते. मॉर्मन मताप्रमाणे मेल्यावर पुन्हा उठणं सगळ्यांनाच फुकट, पापी असो की पुण्यवान. पुढे वैभवाचे तीन लोक, म्हणजे स्वर्गाच्या तीन पायऱ्या, आणि अगदी खालच्या लोकातही बऱ्यापैकी सुख. बाप्टिस्ट ज्यांना थेट नरकात धाडतील, त्यांतल्या बहुतेकांची तिथे सोय होते. विधी, करार, आज्ञापालन हे सगळं लागतं ते सर्वांत वरच्या पायरीसाठी, देवाच्या सान्निध्यात कुटुंबासह कायम राहण्यासाठी. म्हणजे कर्मठ म्हणून ज्यांना हिणवतात त्यांचा स्वर्गच जास्त ऐसपैस. हे मी बोलून दाखवलं, तर दोघांनाही आवडलं नाही.

मग आजींनी त्यांच्याकडची एक गोष्ट सांगितली. त्यांच्या चर्चचे नेते बॉइड पॅकर यांनी १९७७ मध्ये सांगितलेली. कर्जदाराला फेड जमत नाही आणि सावकार सोडायला तयार नाही. तेव्हा तिसरा एक जण मध्ये पडून सगळं कर्ज फेडतो आणि कर्जदाराला म्हणतो, आता तू माझं देणं लागतोस, अटी मी ठरवीन. सोपं नसेल, पण जमेल असं असेल. आजींचे डोळे भरून आले होते.

“म्हणजे सावकार बदलला, कर्ज तेच!” सहकारी पुटपुटला. त्याच्या मते त्या तिसऱ्याने कागदच फाडून टाकायला हवा होता.

मला वाद म्हणून त्याचंच म्हणणं पटलं. पण फाडलेल्या कागदापेक्षा ती “जमेल अशी” अट जास्त ओळखीची वाटली, हेही खरं. पतसंस्थेवाल्याची मुलगी, दुसरं काय.

गंमत म्हणजे नगरला १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या चर्चपरंपरेतले, आणि मॉर्मनांचे जोसेफ स्मिथ जन्माने त्याच न्यू इंग्लंडमधल्या व्हरमाँटचे. कृपा की कर्म हे त्यांचं भांडण माझ्या दिवाणखान्यात यायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

रात्री बाबांना फोनवर सावकाराची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “नव्या कर्जाला व्याज किती?”

आजोबांना अजून विचारलेलं नाही.