पावसाळ्यात गाडी रंगवायची तर आधी हवा कोरडी करा

कोकणात जून ते सप्टेंबर गाडी रंगवणं हे वेगळंच काम आहे. मिस्त्री तोच, गन तीच, रंगाचा डबाही तोच, पण मे महिन्यात सरळ बसणारा क्लिअर, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक चकाकीचा थर, जुलैत बारीक बुडबुडे धरतो. रत्नागिरीजवळ मिरजोळे एमआयडीसीत डेंटिंग-पेंटिंगची चालती शेड मी चालवायला घेतली. कॉम्प्रेसर, बूथ (रंग मारायची बंद खोली), हवेची लाईन सगळं आधीचंच होतं. पहिल्याच पावसाळ्यात रंगवलेल्या गाड्या परत यायला लागल्या.

तक्रारी दोन तऱ्हेच्या होत्या. काही गाड्यांच्या क्लिअरमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडलेली. काहींना दरवाजाच्या खालच्या बाजूला, पुट्टी भरलेली तिथेच, महिन्या-दोन महिन्यांनी फोड आलेले. गिऱ्हाईक म्हणणार रंग हलका वापरला, रंगवाला म्हणणार मिस्त्रीचा हात चुकला. आमचे मिस्त्री वयाने मोठे, पस्तिशीच्या पोरांना शिकवणारे. ते शांतपणे म्हणाले, "मालक, रंगाला दोष देऊ नका. नळीतनं हवेबरोबर पाणी येतंय."

त्यांनी लगेच दाखवूनही दिलं. गनमधला रंग काढला, गन धुतली आणि स्वच्छ काचेवर नुसती हवा मारली. मिनिटभरात काचेवर बारीक थेंब जमले. बोट फिरवलं तर थोडा तेलकटपणाही लागला. त्या काचेनेच आमचा पुढचा सगळा खर्च ठरवला.

हिशेब अगदी साधा आहे. पावसाळ्यात ३० अंशाला, ८५ टक्के दमटपणा असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. गन मिनिटाला साडेतीनशे लिटर हवा खाते असं धरलं, तर तासाभराच्या फवारणीसाठी कॉम्प्रेसर अर्धा लिटर पाणी आत ओढतो. हवा दाबली आणि थंड झाली की त्यातलं बरंचसं पाणी खाली पडतं. ते टाकीत पडलं तर ठीक, नळीत पडलं तर थेट बॉनेटवर. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्लिअरमधली ती छिद्रं अशी पडतात. म्हणूनच हार्डनरच्या डब्याचं झाकण लगेच घट्ट लावायचं असतं.

आधीच्या लाईनमध्ये कॉम्प्रेसरला लागूनच फिल्टर आणि पुढे प्लॅस्टिकची नळी होती. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफच असतं, त्यामुळे ते फिल्टरमधून सुखेनैव पुढे जातं. आम्ही ती लाईन काढून भिंतीवरून जीआय पाइप फिरवला, म्हणजे फिल्टरपर्यंत पोचेतो हवा निवते. पाइपला उतार दिला आणि उताराच्या टोकाला खाली ड्रेन कॉक बसवला. गनसाठीचा फाटा पाइपच्या वरच्या अंगाने, बाक काढून घेतला. खालून फाटा काढला की तळाशी वाहणारं पाणी आधी त्यातच उतरतं. प्लंबरला हे पटेना, घरगुती नळाच्या सवयीने तो खालूनच फाटे काढायला निघाला होता! कॉम्प्रेसर कोंदट खोलीतून काढून वारं खेळेल अशा पडवीत नेला. मग रेफ्रिजरेटेड ड्रायर घेतला. तो हवा जवळजवळ तीन अंशांपर्यंत थंड करून पाणी काढून टाकतो. त्याच्या पुढे तेल धरणारा फिल्टर. ड्रायर महाग वाटला, पण परत आलेली गाडी फुकट रंगवणं त्याहून महाग पडतं.

फोडांचं कारण मात्र वेगळं निघालं. फोड ब्लेडने अलगद उघडून बघावा, तो कुठल्या थरातून उठला ते कळतं. आमच्याकडे पुट्टीसकट पापुद्रा निघाला आणि खाली पत्र्यावर तांबूस गंज. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते आणि आपल्याकडे ती पाणी पेपरनेच घासायची पद्धत. मे महिन्यात ते पाणी सुकून जातं, जुलैत ते आतच राहतं आणि वरून प्रायमर बसतो. आता पुट्टी कोरडीच घासतो, आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग १८०, धूळ ओढणारा सँडर लावून. मिस्त्रींचा हात पाण्यावर बसलेला, त्यांना हे सुरुवातीला जड गेलं. वर काळी पावडर लावून घासलं की खड्डे कुठे राहिले ते दिसतात, हे पाहिल्यावर ते स्वतःच पोरांना शिकवू लागले. शिवाय उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. आमच्या खाऱ्या हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. संध्याकाळी इपॉक्सी प्रायमरचा हात मारूनच शेड बंद होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हीच हवा माणसाच्या छातीत जाते. बऱ्याच शेडमध्ये पेंटर तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारतात. रुमाल आयसोसायनेट अडवत नाही. कोळशाच्या मास्कवरही विसंबू नये, कारण आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेल्यावर येतो, तोवर मास्क निकामी झाल्याचं कळतच नाही. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. आम्ही बाहेरून हवा पुरवणारा मास्क घेतला, श्वासाच्या हवेसाठी वेगळा फिल्टर लावला. मिस्त्री आधी म्हणाले, "एवढी वर्षं काही झालं नाही." त्यांच्या मुलाने आग्रह धरला तेव्हा घालायला लागले. माझ्या शेडमध्ये त्याशिवाय गनला हात लावायचा नाही, हा नियम आहे.

बाकी देखभाल रोजची. सकाळी टाकीचं पाणी सोडायचं, लाईनचे ड्रेन उघडायचे, काचेवर हवा मारून बघायची. बूथचे खालचे फिल्टर मॅनोमीटरचा (हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा वर सरकला की बदलायचे, डोळ्याने ठरवायचं नाही. बेकिंगला, म्हणजे रंग गरम हवेत सुकवताना, ६० अंश म्हणजे पत्र्याचं तापमान, बूथच्या काट्यावरचं नव्हे. इन्फ्रारेड थर्मामीटरने बंपर आणि दरवाजा दोन्ही तपासूनच अर्धा तास धरतो. मध्येच महावितरणची लाईट गेली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

गणपतीच्या आधी मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात, घाटात घासलेल्या गाड्या घेऊन, आणि प्रत्येकाला चतुर्थीपूर्वी गाडी हवी असते. त्या पंधरवड्यात आम्ही पूर्ण गाडी रंगवायला घेत नाही. एक-दोन पॅनलचं काम घेतो आणि पावसाळ्यातला जादा दिवस पहिल्याच फोनवर सांगून टाकतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांना गाडी देताना पुट्टी कुठे भरली ते दाखवतो आणि दिवाळीत येऊन तेवढी जागा तपासून घ्या असं सांगतो.