दोन

रात्रीचे साडेअकरा. मीनल केव्हाच झोपली.

हमामातून येऊन सहा तास झाले, कातडी अजून हुळहुळतेय. मी मात्र तिथे आडवी झाले तेव्हापासून आईपाशीच अडकलेय.

इस्तंबूलमधला चेंबरलिताशचा हमाम, म्हणजे तुर्की न्हाणीघर. 1584 चा. सुलतानाची आई नूरबानू सुलतान, तिने वास्तुकार सिनानकडून बांधून घेतलेला. घुमटात गोल गोल काचा, त्यांतून कवडसे वाफेत उतरत होते. अंगाला पंचासारखा चौकड्यांचा पेश्तेमाल. मधोमध संगमरवराचा मोठाथोरला ओटा, त्याला गोबेकताशी म्हणतात, म्हणजे बेंबीचा दगड. खालून भट्टीची धग फिरवलेली, त्यामुळे उन्हात तापलेल्या पायरीवर पाठ टेकल्यासारखं वाटतं. नुसती शेकत पडले होते तोवर छान होतं.

मग बाई आली. हातात केसे, म्हणजे खरखरीत कापडाची हातात घालायची पिशवी. माझा दंड उचलला, घासला, ठेवून दिला. वाईट काही नव्हतं त्यात. पण मी डोळे मिटून घेतले, गच्च.

आई अशीच मिटायची.

चार महिने रोज मी तिचं अंग पुसलं. मला वाटायचं, कोमट पाण्याने तिला बरं वाटतंय. दादालाही सांगायचे, आई अगदी शांत पडून असते रे. आज मी डोळे मिटले ते लाजेने. मग ती कशाने मिटायची?

बाईने दंडावरच्या मळाच्या वळ्या दाखवल्या, पाठीवर हलकी थाप मारली आणि म्हणाली, "दोन." मला वाटलं, मोजतेय. तशीच पडून राहिले. तेव्हा तिने खांद्याला धरून वळवलं. तुर्कीत वळायला सांगताना तसंच काहीसं म्हणतात.

मी आईला तेवढंही म्हणायचे नाही. तिला कुशीवर करताना माझ्या कानाला फोन असायचा. औषधवाला, ऑफिस, दादा. हात आपलं काम करत राहायचे. "आई, वळ गं" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मलाही कुणी शिकवलं नव्हतं. रात्रीची जाग, सकाळची लोकल, सगळं एकटीने. दादाने निदान एक रविवार... जाऊ दे.

पुन्हा तेच येतं मनात. लाज वाटत असेल का तिला? माझी?

बाईने दुसऱ्या, साबणाच्या पिशवीत हवा भरून पिळली आणि फेसाचा ढीग माझ्यावर उतरला. मग हाताला धरून कुर्नापाशी बसवलं. त्या दगडी कुंडाला खाली भोक नसतं, पाणी काठावरून वाहत राहतं. तिने वाडगा भरभरून डोक्यावरून ओतलं, लहान मुलाला घालतात तसं, कपाळावर आडवा हात धरून. डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून. तेव्हा माझे डोळे आपोआप उघडले.

आणि आठवलं. सगळं झालं की मी आईचे पाय टबात सोडायचे. तेव्हा ती डोळे उघडायची. रोज. म्हणायची, "आज पाणी छान आहे गं." पाणी तर रोज तेच असायचं.

हे मी इतके दिवस कुठे ठेवलं होतं?

सकाळी मीनल आया सोफिया मशीद बघायला जाईल. मी परत हमामात जाणार आहे. केसे लागताना डोळे उघडे ठेवता येतात का, बघायचंय.