पिको-फॉलच्या दुकानातून नाताळच्या झाडावर

पुण्याच्या घोरपडी भागातल्या माझ्या पिको-फॉलच्या दुकानात कोपऱ्यात एक पोतं कायम असायचं. अस्तराच्या पट्ट्या, काठाचे तुकडे, बिनजोडीची बटणं. फेकायला हात धजायचा नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात शेजारच्या मावशी एक पुरचुंडी घेऊन आल्या. मावशी मराठी ख्रिस्ती, वडील रेल्वेत होते. पुरचुंडीत वडिलांच्या गणवेशाची पितळी बटणं होती. म्हणाल्या, "नाताळच्या झाडाला टांगता येईल असं काहीतरी कर गं याचं. नातवंडांच्या नजरेसमोर तरी राहतील." मी काठाच्या तुकड्यांच्या घंटा शिवल्या, आत कातरण भरलं आणि खाली लोलकाच्या जागी एकेक बटण टाकलं. अकरा बटणं, अकरा घंटा. त्या नाताळात मावशींकडे फराळाला आलेल्या बायकांनी दुकानाचा पत्ता विचारला. आमचा व्यवसाय तिथून सुरू झाला.

पुढची दोन वर्षं मी एक चूक करत राहिले. माल दुकानातल्यासारखा दिसावा म्हणून सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारायचे. अक्रोडाची टरफलं, बटणं, सुरूची बोंडं, सगळं एकसारखं पिवळं. एका भेटवस्तूंच्या दुकानानं मोठी ऑर्डर दिली आणि ऐन डिसेंबरात निम्मा माल परत पाठवला, रंगाचे पोपडे निघतात म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. त्या परत आलेल्या खोक्यांकडे बघून मावशी म्हणाल्या, "यातलं बटण कुठलं नि टरफल कुठलं, मलाच कळत नाही." त्या दिवसापासून आमच्याकडे स्प्रेची बाटली नाही. बटण बटणच दिसलं पाहिजे, काठ काठच. घेणाऱ्याला ती वस्तू ओळखू आली नाही, तर तो नग आम्ही विकत नाही.

आमचा सगळ्यात जास्त मागणीचा नग बांगड्यांचा गोळा. डझनातली एखादी बांगडी वाढवली की उरलेल्या कपाटात पडून राहतात. २-२, २-४ आणि २-६ या मापांच्या तीन बांगड्या एकीत एक आडव्या-उभ्या बसवल्या की पृथ्वीच्या गोलासारखा आकार होतो. मापात एकेका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक असतो, बांगडी नाजूक असली तरच बसते. जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथे रेशमाचा दोरा आवळून बांधायचा. नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे मुळात जर्मनीतल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांचे. आमची काच फिरोजाबादची, आणि आधी कुणाच्या तरी हातात किणकिणलेली. मला ते फार आवडतं.

वजनाचं भान अनुभवानं आलं. पुण्यात बऱ्याच घरी कुंडीत किंवा वाळूच्या बादलीत सुरूची फांदी रोवतात. तिचे शेंडे लवचीक, जड नग टांगला की फांदी माना टाकते. म्हणून छोटा काटा घेतला. २० ग्रॅमच्या वरचा नग बाजूला पडतो, कितीही देखणा असला तरी.

कागदानं मात्र रडवलं. पावसाळ्यात चिकटवलेल्या चांदण्या बुरसल्या आणि कणकेच्या खळीला कसर लागली. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. पण ते विष, आणि चांदण्या लहान मुलांच्या हाताला लागणार. मग चिकटवणंच बंद केलं. आता घड्या घालून सुई-दोऱ्यानं शिवतो. वेळ दुप्पट लागतो, किंमतही वाढली, काही गिऱ्हाइकं तुटली. पण सातव्या वर्षीची चांदणी अजून मावशींच्या दारात लागते. किमतीची चिठ्ठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेच्या कागदावर असते. १९४० सालची ती संस्था. सुती चिंध्यांचा कागद कसा होतो ते आमच्या सगळ्या बायकांनी तिथे उभं राहून पाहिलं.

आता आम्ही सात जणी आहोत. कच्चा माल लक्ष्मी रोडच्या टेलरांकडून येतो आणि कचरा वेचणाऱ्या दोन ताईंकडून. बटणं, झिपा, बांगड्या त्या वेगळ्या काढून ठेवतात. भंगारवाला हे किलोवर घेतो, आम्ही नगावर पैसे देतो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासून आहे. या ताई आपल्या कामाचा भाव ठणकावून सांगतात, आणि तो द्यायलाच हवा.

आमची खरी कसोटी पंचांगाशी. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, त्याच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, नाताळच्या तयारीचे. म्हणजे नोव्हेंबर संपता संपता माल घराघरांत पोचायला हवा. दिवाळी मात्र सरकते. अधिक महिना आला की ती नोव्हेंबरात जाते, जशी २०२० आणि २०२३ मध्ये गेली. त्या दिवसांत आमच्या निम्म्या जणी फराळाच्या ऑर्डरींत अडकलेल्या असतात, आणि त्यांना मी अडवत नाही. म्हणून कापडाचं काम पावसाळ्यात, आणि हवा कोरडी झाली की लगेच कागदाचं.

कागद म्हणजे लग्नपत्रिका. जाड, सोनेरी, सुरेख घडीच्या. पण प्रत्येकीवर गणपती असतो, आणि तो कापून चांदणीत घालायला आमच्यातली एकही जण तयार होईना, मावशीसुद्धा. आधी गणपती अलगद सोडवून घेतात, मगच कात्री पुढे चालते. अशा गणपतींनी डबे भरत चालले होते. यंदा आमच्यातल्याच एका ताईनं त्यांची आहेराची पाकिटं करायला घेतलीत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तोवर तिला पाचशे हवी आहेत.