एवढे हरतात, तरी अभिमान कसला?

जालन्यात राहून, जवळजवळ प्रत्येक सामना हरणाऱ्या इथल्या एका फुटबॉल क्लबच्या मागे मी का फिरतो आणि त्याचा मला अभिमान कसला वाटतो, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकदा नीट बसून उत्तर लिहून ठेवावे असे वाटले. पुण्यात नोकरी करणारा भाचा तो हसत विचारतो. शेजारचे निवृत्त मास्तर काळजीच्या सुरात विचारतात, जणू मला काही दुखणे जडले आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे तर ‘जालन्यात फुटबॉल असतो का?’ इथूनच सुरुवात करतात आणि असतो म्हटल्यावर ‘मग तुम्ही मँचेस्टरचे की रिअल माद्रिदचे?’ असे विचारतात. क्लबची कुंडली मी इथे मांडत बसत नाही. विचारणाऱ्यांना ती ठाऊक असते, किंबहुना ठाऊक असते म्हणूनच ते विचारतात.

पूर्वी माझे उत्तर इतिहासाचे असे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यानंतरही काही वर्षे हैदराबाद राज्यातच होतो, आणि रेल्वेत नोकरीला असलेल्या माझ्या वडिलांच्या लेखी फुटबॉल म्हणजे हैदराबादच. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला, त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी 1956 मध्ये भारतीय संघाला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत नेले आणि 1962 मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले, हे सारे वडील घरातल्या माणसाचा पराक्रम सांगावा तसे सांगत. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी, आणि बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. त्यात तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझांचे होते. प्रशिक्षक आपल्या जुन्या राज्याचा आणि गोल करणारा नव्या राज्याचा, म्हणजे सामना दोन्हीकडून आपणच जिंकला, असा वडिलांचा हिशेब होता. हे ऐकून समोरचा माणूस गप्प बसतो, हा या उत्तराचा मोठा गुण आहे. परंतु त्याला ते पटलेले नसते, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. रहीमसाहेबांच्या कर्तृत्वाचा आमच्या डाव्या बगलेच्या बचावपटूशी काडीचाही संबंध नाही.

मग मी दुसरे उत्तर देऊ लागलो, ते टिकून राहण्याचे. महिंद्र युनायटेडसारखा संघ, ज्याने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, तो 2010 मध्ये मालकांनी एका निर्णयात बंद केला. इंडियन सुपर लीगबरोबर 2014 मध्ये सुरू झालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. ज्यांच्याकडे पैसा होता, परदेशी खेळाडू होते, त्यांचे दिवे मालवले आणि आमचा क्लब वर्गणीवर अजून चालू आहे, असे मी छाती पुढे काढून सांगत असे. यावर भाच्याने एकदा विचारले की, मामा, ज्याच्याकडे काही नाहीच त्याचे दिवाळे निघणार तरी कसे? मी तेव्हा चिडलो. अजूनही चिडतो, कारण टिकणे म्हणजे काय हे त्याने पाहिलेले नाही. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात ती बुटांना अशी चिकटते की पाय उचलणे हाच व्यायाम होतो, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा अडकावा. त्याच मैदानावर मांडव पडतात, सभा होतात, टेनिस बॉल क्रिकेटच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा होतात, आणि पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावतात. खेळ सुरू होण्याआधी आमच्या मुलांना मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवावे लागतात. 2012-13 च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर जगत होता, तेव्हा मैदानावर पाणी मारा असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, आणि ती नव्हती हेच योग्य होते. त्या वर्षी मुले दगडासारख्या जमिनीवर खेळली. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, नवी मुंबईत सामने झाले, राज्यभर शाळांमधून चेंडू वाटले गेले आणि आता फुटबॉलचे दिवस आले असे सगळे म्हणू लागले. चेंडू चांगले होते. मैदान तेच राहिले.

तेव्हा टिकण्याचे उत्तर खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस सविस्तर सांगणे भाग आहे.

नांदेडला एका स्पर्धेत आमचा संघ गेला होता. संघ गेला असे म्हणायचे एवढेच, कारण सकाळी स्टेशनवर आठ मुले आली. एकाला सळईच्या कारखान्यात दुसऱ्याची पाळी करावी लागली, एकाची परीक्षा होती, दोघांच्या भावकीत एकाच घरचे लग्न होते, आणि एक जण गावातल्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यात खेळायला गेला होता. तिथे पैसे मिळतात, त्यामुळे त्याला नावे ठेवणे मला जमत नाही. नियमाप्रमाणे संघात किमान सात खेळाडू असले तर सामना होऊ शकतो, सातापेक्षा कमी झाले की पंच तो थांबवतात. यजमान क्लबची मंडळी भली होती. त्यांनी सुचवले की स्पर्धेचा सामना सोडून द्यावा, त्यांच्याकडची तीन मुले घ्यावीत आणि मैत्रीपूर्ण सामना खेळावा. आमच्या कर्णधाराने, जो दुपारी एका बियाणांच्या दुकानात पोती उचलतो, नम्रपणे नकार दिला.

मध्यंतराच्या आधीच एकाचे डोके फुटले आणि आम्ही सात उरलो. तिथून पुढचा वेळ मी कसा काढला हे मला नीट सांगता येणार नाही. उत्तरार्धात एका मुलाच्या पोटरीला पेटके आले. तो बाहेर आला असता तर सामना संपला असता, म्हणून तो आमच्याच गोलजवळ एका खांबाला टेकून उभा राहिला आणि चेंडू जवळ आला की लंगडत पुढे होऊ लागला. गोल होत राहिले, सहा झाले. शिट्टी वाजली तेव्हा सगळे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या आमच्यासाठी होत्या. बक्षीस समारंभात आम्हाला ‘शिस्तबद्ध संघ’ म्हणून एक छोटा चषक देण्यात आला. मुले हरखून गेली, त्यांनी चषकाबरोबर फोटो काढले. मला मात्र त्या टाळ्या सहन होत नव्हत्या. सहा गोलांचे मला वाईट वाटले होते, पण ते खेळातले वाईट वाटणे होते. जिंकणाऱ्या संघाच्या पाठीराख्यांनी प्रेमाने आमची पाठ थोपटावी, यात आमची जागा त्यांनी कायमची ठरवून टाकली आहे असे मला वाटले. ज्याची भीती वाटते त्याचे असे कौतुक कोणी करत नाही.

परतीच्या गाडीत, जनरल डब्यात, सेलूला एक आजोबा चढले. मुलांच्या मधोमध चषक पाहून त्यांनी विचारले, “काय बाळांनो, जिंकून आलात का?”

डोक्याला पट्टी बांधलेला मुलगा म्हणाला, “हो आजोबा. फायनल होती.”

“किती-किती?”

“दोन-एक.”

आजोबांना त्यात खरोखरच रस होता. गोल कोणी केला, कसा केला, हे त्यांनी विचारले, आणि पोरांनी एकमेकांच्या तोंडातला शब्द घेत सगळा सामना रचला. पोटरी आखडलेल्या मुलाला त्यांनी विजयी गोल देऊन टाकला. मग कर्णधाराने माझ्याकडे पाहिले. डब्यात वयाने मोठा असा त्यांच्या बाजूचा मी एकटाच होतो, आणि मी आता खरे सांगतो की काय, ही शंका त्याच्या चेहऱ्यावर होती. मी आजोबांना म्हणालो, “दोन्ही गोल शेवटच्या पाच मिनिटांत झाले.”

आजोबांनी पिशवीतले पेरू काढून सर्वांना वाटले. परतूरपर्यंत ते आमचेच बोलणे ऐकत होते. आणि त्या वेळात मला जे वाटले ते या क्लबने मला त्यापूर्वी कधी दिले नव्हते. छाती भरून येणे म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटले, आणि ते न झालेल्या एका सामन्याबद्दल होते.

याच शहरातल्या एका शाळेच्या समारंभात, हातात पुष्पगुच्छ घेऊन, मी कधीकाळी भाषण केले होते की हारजीत महत्त्वाची नाही, खेळत राहणे महत्त्वाचे आहे. तो भाषण करणारा मी आणि दोन-एकचा सामना रंगवणारा मी, या दोघांचे अजून पटलेले नाही. पहिला म्हणतो की गाडीतला तो प्रकार म्हणजे पोरांचा खेळ होता, आणि पेरूच्या फोडीवर तत्त्वे मोडत नसतात. दुसरा म्हणतो की तुला हरणाऱ्यांच्या बाजूने उभे राहणारा मोठ्या मनाचा माणूस व्हायचे होते आणि त्यासाठी तुला ही मुले हरायलाच हवी होती. हा आरोप मला पूर्ण मान्य नाही, तरी तो ऐकल्यावर मला राग येतो, आणि एवढा राग निराधार आरोपाचा येत नाही. तुमच्या प्रश्नाबद्दलचीही माझी तक्रार मला तिथेच सापडली. तुम्ही सगळे मला ‘का’ विचारता. मँचेस्टरच्या पाठीराख्याला कोणी ‘का’ विचारत नाही, त्याला कालचा सामना विचारतात. सेलूचे आजोबा सोडले तर आमच्या क्लबबद्दल जिंकलात का असे मला आजवर कोणीही विचारलेले नाही.

आता तेही विचारण्याची वेळ येण्याची शक्यता निर्माण झाली आहे, आणि मी अडचणीत सापडलो आहे. इथल्या एका व्यापाऱ्यांनी क्लबचा मोसमाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. अट एकच, की पुण्या-मुंबईकडचे चार खेळाडू सामन्यागणिक पैसे देऊन आणायचे. मुलांनी मला विचारले तेव्हा मी ताबडतोब विरोध केला. खड्डे तुम्ही बुजवायचे आणि गोल त्यांनी करायचे, मग तो क्लब आपला कसा, असे मी म्हणालो आणि बरेच काही म्हणालो. कर्णधाराने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, चार बाहेरचे आले तरी सात आपलेच की. सात तर आपण असतोच.”

मला यावर काही बोलता आले नाही. माझा विरोध मी मागे घेतलेला नाही, कारण बाहेरून विकत आणलेल्या विजयाने माझी छाती तशी भरून येईल की नाही याची मला शंका आहे. शिवाय तशी ती भरून आलीच, तर माझ्या भाषणाचे उरलेसुरलेही काही शिल्लक राहणार नाही. व्यापाऱ्यांशी बोलायला जाताना मुलांनी मात्र मलाच बरोबर बोलावले आहे, कारण मोठ्या माणसाशिवाय पैशाचे बोलणे होत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. येत्या रविवारी आम्ही जात आहोत.