एस्टीमची नोंदवही: टायर उघडल्याशिवाय निकाल नाही

मागच्या नोंदीत माझ्या जुन्या मारुती एस्टीमचे मागचे ड्रम आणि ब्रेक शू उरकले होते. गाडी स्टँडवर चढवलेलीच होती, म्हणून लगे हाथ टायरही काढले. घाई करायला कारणही आहे. यंदा समृद्धीवरून नागपूरला जायचं घाटतंय. आपण नाशिककर सिन्नरजवळ गोंद्याला चढलो की पुढे काँक्रीटचा सरळसोट रस्ता आणि कारला १२० ची मुभा. गंगापूर रोडवर भाजी आणायला जाताना निमूट चालणारा टायर त्या उन्हात, त्या वेगात तासन्‌तास तसाच चालेल असं गृहीत धरायला मी तयार नाही.

साइझ कंपनीचाच, १७५/७० आर१३ ८२टी. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलोपर्यंत भार आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. अर्थात हे आकडे धडधाकट टायरचे, आणि माझ्या पाचांतल्या एकाचीही तशी खात्री नव्हती. मागच्या डाव्यात तार घुसलेली, मागच्या उजव्यात स्क्रू, पुढच्या डाव्याच्या साइडवॉलला, म्हणजे कुशीला, उभा खड्डा, पुढच्या उजव्याला फुगा. स्टेपनी मात्र बाहेरून नवी नवरी.

फुग्याचं आधी मिटवून टाकतो. सिंहस्थाच्या कामांनी शहरात जिथे तिथे खणून ठेवलंय, अशाच एका चरात चाक आपटलं होतं. फुगा आला म्हणजे आतल्या कॉर्डचे धागे तुटलेत आणि हवेला आता फक्त रबर अडवतंय. आतून गेटर, म्हणजे आधाराचा जाड तुकडा, टाकून चालवणारे आहेत, टाकून देणारेही आहेत. ज्या टायरवर घरची माणसं बसणार त्यात गेटर नको. टायर भंगारात.

पुढच्या डाव्याच्या खड्ड्यावरून मात्र आमच्या कट्ट्यावर भांडण झालं. दोघांचं म्हणणं, साइडवॉल आत गेली म्हणजे धागा तुटला. उलट आहे. रेडियल टायरमध्ये कॉर्डचा थर गुंडाळून त्याची टोकं एकमेकांवर चढवतात. त्या जोडावर थर दुहेरी होतो, तिथे टायर कमी ताणला जातो आणि हवा भरल्यावर बाहेरून उभी, उथळ पन्हाळ दिसते. ती निरुपद्रवी. धागा तुटला तर हवा त्या जागी बाहेर ढकलणार, आत कशाला ओढेल? तरीही उघडून आतून बोट फिरवलं, अगदी गुळगुळीत. हा टायर राहिला.

आता खरा विषय. तार आणि स्क्रू.

बाहेरून पाहिलं तर कुणीही सांगेल की स्क्रूवाला टायर वाचेल आणि तारवाला जाईल. स्क्रू नक्षीच्या बरोब्बर मधोमध होता, बारीक, अगदी सरळ गेलेला. अंबड-सातपूरला राहणाऱ्याला हे रोजचंच. भंगाराच्या टेम्पोतून स्क्रू, लेथचा बर, काय काय सांडत असतं. तार मात्र द्राक्षबागेची, मांडवाला वापरतात ती जस्ताची. दिंडोरीकडे नातेवाइकांच्या बागेत गाडी थेट बांधापर्यंत नेली होती, तिथे घुसली असणार. बाहेर तिचं वाकडं टोक दिसत होतं, तेही नक्षीच्या कडेकडे, तिरकं.

लिंक रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे दोन्ही नेले. त्याचा हात साफ आहे, म्हणून मी त्याच्याकडेच जातो. पण तोही आधी हेच म्हणाला, "दादा, खोलताय कशाला? स्क्रूवाल्याला स्ट्रिप मारून देतो, दोन मिनिटांचं काम. हा तारेचा मात्र सोडा."

स्ट्रिप म्हणजे टायर न उघडता बाहेरूनच भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी. म्हटलं, तू आधी मशिनवर चढव.

स्क्रूवाल्याची बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, सुटली, टायर उघडला आणि आतून चिमूटभर काळी भुकटी ओट्यावर पडली. पंक्चरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही.

ती भुकटी टायरच्या स्वतःच्या अस्तराची. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम आतलं ब्यूटिल जातीच्या रबराचं पातळ अस्तर करतं, हवा धरून ठेवतं ते तेच. टायरमध्ये हवा कमी असताना गाडी चालवली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतल्या आत घासली जाते आणि अस्तराचा भुगा होतो. बॅटरी लावून पाहिलं तर साइडवॉलच्या आतल्या बाजूने टायरभर गोल पट्टा उमटलेला, बोटभर रुंद, राखाडी, हाताला खरखरीत. एका जागी अस्तराला सुरकुत्या पडलेल्या. बाहेरची साइडवॉल? एक ओरखडाही नाही.

भाचा गाडी आडगावला घेऊन गेला होता. परत येताना गाडी मागून जड वाटत होती, म्हणाला. टायर पूर्ण बसलेला नव्हता म्हणून तो तसाच म्हसरूळपर्यंत आला. त्याला दोष देत नाही. ट्यूबलेस रेडियल अर्ध्या हवेवरही लांबून ठीकच दिसतो, त्यातच तर सगळी गोम आहे. पण त्या प्रवासात साइडवॉलच्या धाग्यांचं काय झालं ते आता कुठलाही पॅच भरून काढणार नाही. छिद्र तीन मिमीचं होतं, जागा आदर्श होती, स्ट्रिप मारली असती तर हवाही टिकली असती. आणि कसारा घाट उतरताना किंवा समृद्धीवर तापल्यावर तोच टायर कुशीतून फाटला असता. छिद्र कुठे आहे यापेक्षा छिद्र पडल्यापासून गाडी थांबेपर्यंत काय घडलं, हे आधी पाहायचं. आणि ते फक्त आतूनच दिसतं.

या टायरच्या साइडवॉलला तिथेच करवतीने चीर पाडून घेतली. नाही तर असे टायर फिरून कुणाच्या तरी गाडीला लागतात.

तारवाला टायर उघडला आणि आतून स्वच्छ निघाला. भुकटी नाही, पट्टा नाही. तार घट्ट बसलेली असल्याने हवा अगदी हळू जात होती आणि दिंडोरीहून आल्यापासून गाडी उभीच होती. आता मोजमाप.

जागा: ब्रिटनच्या बीएस एयू १५९ या मानकात किरकोळ दुरुस्ती नक्षीच्या मधल्या तीन चतुर्थांश पट्ट्यातच करायची, असं आहे. माझ्या टायरची नक्षी साधारण १३० मिमी भरली. म्हणजे दोन्ही कडांचे सोळा-सोळा मिमी वर्ज्य. तारेचं भोक कडेपासून अठ्ठावीसवर होतं. डोळ्यांना खांद्यात वाटत होतं, पट्टी म्हणाली आत आहे.

आकार: ६ मिमीपर्यंत चालतं, ब्रिटिश-अमेरिकन दोन्हीकडे हाच आकडा. मी ड्रिल बिटांच्या डब्यातून बिट काढून त्यांची मागची गुळगुळीत दांडी गेज म्हणून वापरतो. चारची जेमतेम गेली, पाचची अडली.

कोन: तार काढल्यावर भोकात आरी अलगद सरकवली आणि मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक बाजूला धरला. वीस अंशांच्या आतच. पंचवीसच्या वर गेलं तर एकसंध मशरूम (बूच आणि पॅच एकाच तुकड्यात) चालत नाही, बूच वेगळं आणि पॅच वेगळा लावावा लागतो. शिवाय तिरपी तार आतून कुठे निघते तेही बघावं लागतं. इथे ती मध्याकडे निघाली होती. उलट दिशेने गेली असती तर बाहेरून नक्षीत आणि आतून खांद्यात, मग विषय संपला.

जुना पॅच आसपास नव्हता. नक्षी ४ मिमीच्या वर होती. ती १.६ वर, म्हणजे खाचांतल्या झीज दाखवणाऱ्या टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यांपर्यंत आली असती तर एवढी मेहनत कशाला केली असती?

स्ट्रिपबद्दल एकदाच सांगून टाकतो. रस्त्यात अडकलात तर स्ट्रिप मारा, घरी या, मग टायर उघडून घ्या. ती बाहेरून भोक बुजवते, अस्तर तसंच फाटकं ठेवते. आतून शिरणारी हवा आणि बाहेरून शिरणारं पाणी स्टीलच्या पट्ट्यांपर्यंत पोचत राहतं आणि तारा गंजतात. वर ती खरखरीत सुई घुसवताना दोनचार तारा तोडून जाते ते वेगळंच. आतला पॅच नुसताच लावला तरी अर्धंच काम, कारण भोकाची नळी उघडी राहते. मशरूम दोन्ही करतं, दांडी भोक भरते आणि टोपी अस्तर सांधते.

मशरूम लावताना मी शेजारी उभा होतो आणि पंक्चरवाल्याला त्याचा थोडा वैताग आला. आधी भोकात आतून त्याच तिरक्या दिशेने कार्बाइडचं कटर फिरवलं, तुटक्या तारांची टोकं साफ व्हावीत म्हणून. मग टोपीपेक्षा जरा मोठ्या जागेवरचं अस्तर कमी वेगाच्या बफरने घासलं. हे मखमलीसारखं व्हायला हवं. घासताना धागा दिसला की नुसतं थांबून भागत नाही, टायरच टाकायचा. सोल्यूशन लावून ते बोटाला चिकचिकेल इतकं सुकू द्यायचं. इथे सगळे घाई करतात. ओल्या सोल्यूशनवर पॅच सरकतो. मशरूमची दांडी आतून भोकात घालून बाहेरून पकडीने ओढली, टोपी टेकेपर्यंत. त्या वेळी टायर ताणून धरायचा नाही, बीड मोकळ्या हव्यात, नाहीतर सोडल्यावर पॅचच्या कडा उचलतात. शेवटी दातेरी रोलरने मधून बाहेर असं दाबत जायचं म्हणजे अडकलेली हवा निघते. तो रोलर त्याने इतका जोर लावून फिरवला की ओटा हलत होता. कडांना सीलर, बाहेरची शेपटी नक्षीच्या बरोबरीने कापली, हवा भरली, साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशीही पाणी टाकून घ्या, अर्धे "पंक्चर" तिथेच सापडतात. अडीचशे रुपये घेतले, बॅलन्सिंग वेगळं.

काही कंपन्या दुरुस्तीनंतर टायरवरचं वेगाचं अक्षर धरतच नाहीत. त्यामुळे १२० ची मुभा असली तरी मी शंभरच्या आतच राहणार आहे. गाडीचं वयही तेच सांगतं.

स्टेपनी. नक्षी भरपूर, रबरावर चकाकी, वापर जवळपास शून्य. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे: ३४१३. म्हणजे २०१३ सालचा ३४ वा आठवडा. मिशलिन, कॉन्टिनेन्टल या कंपन्या नक्षी कितीही उरलेली असो, दहा वर्षांनंतर टायर बदलाच म्हणतात. व्हॉल्व्हच्या बाजूने दाबून पाहिलं तर बीडजवळ केसासारख्या चिरा उघडल्या. एक मित्र म्हणाला, स्टेपनीला काय होतंय, दहा किलोमीटर तर जायचं असतं. पण समृद्धीवर पुढचा पंक्चरवाला किती लांब असेल ते त्याने सांगावं. काढली.

म्हणजे पाचांतले दोन राहिले, तीन नवे. एकेक चार हजारांच्या आसपास पडला. जोडी मागे लावली. नवे टायर पुढे लावायची आपल्याकडे पद्धत आहे, विशेषतः फ्रंट व्हील ड्राइव्हला, पण ओल्या रस्त्यावर मागचं घसरलं तर सावरणं फार अवघड, म्हणून जास्त नक्षी मागे. मशरूमवाला आणि खड्डेवाला पुढे. तिसरा नवा स्टेपनीत.

त्यानंतर त्र्यंबकला जाऊन आलो. सकाळी गार टायरवर गेज लावलं तर मशरूमवाल्याचा काटा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरच्या आकड्यावरच होता, शेजारच्यापेक्षा तसूभर कमी नाही. स्टेअरिंगला ऐंशीच्या पुढे हलकी थरथर आहे, ती मात्र पुढच्या डाव्या रिमची वाटतेय. बीड बसते त्या कडेवर गंज चढलाय. रिम वायर ब्रशने घासून, रंगवून पुन्हा बॅलन्सिंगला न्यायचंय. ते झालं की पुढची नोंद.