सुईची बंदूक

जर्मनीतल्या एर्फुर्टजवळ राहणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी आज घरी बोलावलं होतं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्याची टोकदार शिरस्त्राणं, काडतुसांच्या चामडी पेट्या, ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) कोरलेली पट्ट्याची बक्कलं... पण मी अडकलो ते ड्रायझेच्या १८४१ च्या बंदुकीपाशी. ड्रायझे हा इथल्याच झ्योमर्डा गावचा बंदूक बनवणारा. कागदी काडतूस मागून भरायचं, बोल्ट (मागचा सरकता दांडा) लावायचा आणि घोडा ओढायचा. मग लांब सुई कागद आणि दारू भेदत गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटकावर आदळते. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियन शिपाई नळीच्या तोंडातून बार भरत होते, प्रशियन मात्र आडवं पडूनही भरू शकत होते. केवढा फरक!

कुंद्याच्या पट्टीवर रेजिमेंट, कंपनी आणि बंदुकीचा क्रमांक ठोकलेला आहे. विकणारे अनेकदा घासूनपुसून हेच आकडे पुसट करतात, त्याचा मला मनापासून राग येतो. गंज थांबवा, तेलाचा हात फिरवा, पण पॉलिश नको हो!

पुढच्या वेळी ते शेजारी फ्रेंच शासपो बंदूक ठेवून दाखवणार आहेत. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात पल्ल्याच्या बाबतीत तीच ड्रायझेला भारी पडली होती.